नोकरी-घर सांभाळून शिकत राहायचं कसं? मोडीच्या वर्गात जे दिसतं ते सांगते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४२, पुण्यात आयटीत नोकरी, घरी दोन मुलं आणि सासूबाई, दर जानेवारीत एखादा ऑनलाइन कोर्स घेतला जातो आणि फेब्रुवारीत तो तसाच पडून राहतो, मग वर्षभर स्वतःचाच राग येत राहतो. शिकणं रोजच्या जगण्यात बसवायचं कसं, वेळ कुठून आणायचा, वय आड येतं का, आणि एका वेळी किती गोष्टी धराव्यात. पहाटे ५ ला उठा हा सल्ला तुम्ही शंभरदा ऐकला असणार, त्यामुळे तो मी देत नाहीये. ज्या घरात सकाळी ७ ला दोन डबे भरायचे असतात तिथे ५ ला उठून माणूस शिकत नाही, पोळ्या लवकर करून ठेवतो.

मी मोडी लिपी शिकवते, बरीच वर्षं, आणि फक्त मोठ्या माणसांना. शनिवार-रविवारचे वर्ग असतात. येणारे कोण, तर बँकेतून रिटायर झालेले काका, वकील, शाळेतल्या बाई, आयटीतली पोरंपोरी, गृहिणी, मधूनच एखादा तलाठी, आणि जमिनीच्या भानगडीत अडकलेलं कुणीतरी असतंच. माझ्या वर्गाचं उदाहरण देण्याचं कारण एवढंच की मोडी कुणी जबरदस्तीने शिकत नाही. बहुतेकांना त्यातून ना प्रमोशन मिळणार असतं ना पगारवाढ, घरचे तर उलट विचारतात की हे आता कशाला. त्यामुळे कोण टिकतं आणि कोण गळतं हे अगदी स्वच्छ दिसतं. आणि जे दिसतं ते असं की हुशार टिकतात असं नाही, रिकामा वेळ असलेले टिकतात असं तर अजिबात नाही, ज्यांच्याकडे स्वतःचा कागद असतो ते टिकतात.

आता हे नीट सांगते. मोडी म्हणजे ज्या लिपीत आपला जवळजवळ सगळा जुना मराठी कारभार लिहिला गेला ती. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर असो, तंजावरच्या सरस्वती महालातली मराठी कागदपत्रं असोत, नाहीतर तुमच्या गावच्या घरात पत्र्याच्या पेटीत पडलेलं खरेदीखत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळेत, व्यवहारात होती, तुमच्या पणजोबांना बहुतेक येत असणार. लिहिताना आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरं काढत जायचं. ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांमधे जागा सोडलेली नाही, पूर्णविराम-स्वल्पविराम नाहीत.

पहिले दोन-तीन आठवडे वर्गात नुसता उत्साह असतो. मुळाक्षरं येतात, बाराखडी येते, सगळे स्वतःचं नाव मोडीत लिहून व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीला लावतात, काहीजण बोरू, दौत, हॅन्डमेड कागद असा सगळा सरंजाम घेऊन येतात (एक निरीक्षण सांगते, ज्याची खरेदी पहिल्याच आठवड्यात झाली तो सहसा लवकर गळतो, कारण खरेदी झाली की अर्धं शिकून झाल्यासारखं वाटतं, कोर्सचे पैसे भरल्यावर वाटतं ना, तसंच). मग मी खरा कागद देते. अठराव्या शतकातलं एखादं साधं पत्र. आणि वर्ग एकदम गप्प होतो. अक्षरं सगळी येतात पण शब्द कुठे तुटतो ते कळत नाही, लिहिणाऱ्याचा हात वेगळा, मधेच फारसी शब्द, शिवाय पत्राची तारीख 'सन सलास अशरीन मया व अलफ' अशी, म्हणजे ३ अधिक २० अधिक १०० अधिक १०००, झाले शुहूर सन (जुन्या कागदांतली कालगणना) ११२३, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे की इसवी १७२२-२३. हे सगळं एकाच ओळीत अंगावर येतं आणि पुढच्या रविवारी खुर्च्या कमी भरतात.

तुमचा फेब्रुवारी म्हणजे हाच टप्पा. प्रत्येक विषयात तो येतो. सोपं संपलेलं असतं आणि उपयोगी पडेल इतकं अजून येत नसतं. कोर्स बनवणारे सुरुवात मुद्दाम गोड करतात, त्यामुळे हा मधला पट्टा आणखीच रुक्ष वाटतो आणि आपल्याला वाटतं की माझीच चिकाटी कमी.

इथून पुढे कोण जातं? ज्या बाईंच्या माहेरच्या पेटीत आजोबांच्या वेळचं गहाणखत आहे आणि त्यात नेमकं काय लिहिलंय ते भावाला सांगायचंय, त्या जातात. ज्या वकिलाला दर वेळी मोडीवाचकाकडे कागद पाठवून वाट बघायचा कंटाळा आलाय तो जातो. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं, तेव्हा जुनी कोतवाल बुकं, जन्म-मृत्यूच्या नोंदी वाचणारी माणसं एकदम हवी झाली, त्या काळात कधी लिपीचं नावही न घेतलेली माणसं शिकायला लागली आणि भराभर शिकली, कारण डोळ्यासमोर स्वतःच्या आजा-पणज्याची नोंद होती. 'मला इतिहासाची आवड आहे' म्हणून आलेला माणूस मात्र बहुतेक वेळा त्या पत्रापाशी थांबतो. आवड खोटी नसते हो, पण आवड म्हणजे काही प्रश्न नव्हे. सोमवारी रात्री दमून आल्यावर आवड तुम्हाला सोफ्यावरून उठवत नाही, अडलेला प्रश्न उठवतो.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा बहुतेकांना माहीत असेल, ८ मार्च २०१६ ला जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी सुरू केली, गुलाबी लुगडी नेसलेल्या आज्यांचे फोटो जगभर गेले. फोटोपेक्षा मला त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, त्या आज्यांना सही करायची होती, पोथी स्वतः वाचायची होती, म्हणजे गरज त्यांची स्वतःची होती. दुसरं, शाळा दुपारी, घरकाम आवरल्यावर भरायची. आज्यांनी दिवस बदलला नाही, शाळा त्यांच्या दिवसात बसवली. आणि हे आपल्याकडे काही आजचं नाही, फुले दांपत्याने १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली तेव्हा हाच हिशोब होता की राबणाऱ्या माणसाला दिवसा सवड नाही.

तर तुमचं पहिलं काम कोर्स शोधणं नाही, तुमचा कागद शोधणं आहे. घरात आत्ता असं काय पडलंय जे तुम्हाला समजत नाही आणि समजलं तर फरक पडेल? तुम्ही पुण्यात राहता म्हणजे सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटची चर्चा आज ना उद्या निघणारच, ती फाईल वाचता येते का, कन्व्हेयन्स म्हणजे काय, एफएसआय कसा मोजतात, बिल्डरच्या करारात कुठलं कलम आपल्याला भारी पडेल. किंवा सासूबाईंचे शुगरचे रिपोर्ट, एचबीए१सी नावाचा आकडा नेमकं काय सांगतो, तो साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो एवढं कळलं तरी डॉक्टरांशी बोलणं बदलतं. किंवा ऑफिसमधला तो एक डॅशबोर्ड ज्यातला आकडा कुठून येतो ते टीममध्ये कुणालाच ठाऊक नाही. ही सगळी शिकायचीच कामं आहेत, पण आपण त्यांना शिकणं म्हणत नाही, कारण त्यांचा व्हिडिओ नसतो आणि शेवटी सर्टिफिकेट येत नाही. डेटा सायन्सचा जनरल कोर्स घेण्याऐवजी त्या एका आकड्याच्या मागे लागा. वाटेत जे जे अडेल तेवढंच शिका, त्यासाठी कोर्समधला एखादाच धडा बघावा लागला तर बघा आणि बाकीचा कोर्स अर्धवट सोडून द्या. अर्धवट सोडलेल्या कोर्सचं पाप लागत नाही.

वेळेचं. मी वर्गात गृहपाठ देते तो रोज तीन ओळींचा. पान नाही, तीन ओळी. कागदाचा मोबाईलवर फोटो काढायचा, त्यातल्या तीन ओळी कापून वेगळ्या ठेवायच्या आणि दिवसभरात जिथे थांबावं लागतं तिथे त्यांच्याकडे बघायचं. लोकलमध्ये उभ्याने पुस्तक उघडता येत नाही पण तीन ओळी बघता येतात, मुलाच्या क्लासबाहेर गाडीत बसून बघता येतात. कुकरची शिट्टी होईपर्यंत बघता येतात, आमच्या वर्गातल्या कितीतरी बायकांनी तो तीन ओळींचा प्रिंट ओट्यासमोरच्या टाइल्सवर चिकटवलाय. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, पुरुषांना 'वेळ काढा' सांगणं सोपं असतं, ते खोलीचं दार लावून बसले तर बाबा अभ्यास करतायत म्हणून घर शांत राहतं, आई बसली की दर पाच मिनिटांनी कुणाला तरी काहीतरी सापडत नसतं. म्हणून तुमचा शिकण्याचा तुकडा मधेच तुटला तरी चालेल इतका लहान हवा. सलग तासाभराची वाट बघत बसाल तर तो तास दिवाळीच्या सुट्टीतही येणार नाही. आठवड्यातून एकदा मात्र सलग बैठक लागतेच, दीड-दोन तास, कारण तीन-तीन ओळींनी हात बसतो पण आख्खं पत्र कशाबद्दल आहे ते कळायला ते एका बैठकीत वाचावं लागतं. ती बैठक घरी करू नका, वाचनालयात जा, कुणाच्या तरी घरी जा, पण उंबरठ्याबाहेर जा.

आता शिकायचं कसं यावर, कारण मोठी माणसं इथेच सगळ्यात जास्त वेळ वाया घालवतात. आमच्याकडे काहीजण सुंदर वह्या भरतात, मोडीची अक्षरं छापल्यासारखी, आणि कागद समोर ठेवला की वाचता येत नाही, कारण समोरचा नमुना बघून त्यांनी फक्त उतरवलेलं असतं. दुसरे असतात ते तक्ता झाकून ठेवतात, कागद वाचायला जातात, अडतात, डोकं खाजवतात, चुकीचं वाचतात, मग तक्ता उघडतात. हे दुसरे तीन महिन्यांत पुढे जातात. याच्यावर प्रयोगही झालेत. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे, विद्यार्थ्यांना उतारे दिले, काहींना तेच पुन्हा वाचायला लावलं, काहींना न बघता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे. म्हणजे जी पद्धत त्या वेळी बरी वाटते तीच नंतर दगा देते. व्हिडिओ बघताना 'हो हो कळलं' वाटतं ते याच जातीचं. तुम्ही व्हिडिओ बघितला की दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना स्वतःला विचारा की काल काय कळलं होतं, बोलून बघा, अडलात तर तेवढंच पुन्हा बघा. मुलांचा अभ्यास घेताना आपण झाकून म्हण म्हणतो ना, ते स्वतःला कधी लावतच नाही.

वयाचं विचारलंत. पाठांतर विशीतल्या पोरांचं जास्त लवकर होतं, खरं आहे, इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस ही अरबी आकड्यांची यादी ते एका आठवड्यात पाठ करतात आणि साठीतल्या काकांना महिना लागतो. पण कागद समोर आला की चित्र फिरतं. पोरगं अक्षर अक्षर लावत बसतं आणि रिटायर्ड तलाठी चतुःसीमा (जमिनीच्या चारी बाजूंच्या हद्दी) हा शब्द पहिल्या दोन अक्षरांवरूनच ओळखतो, कारण खरेदीखतात त्या जागी दुसरं काही येऊच शकत नाही हे त्याला आयुष्यभराच्या कामातून माहीत असतं. मौजे, कसबे, परगणा, इनाम, गुदस्त, हे शब्द ज्याने कधी ऐकलेत त्याला अर्धा कागद फुकट वाचता येतो. बँकेतल्या काकांना जमाखर्चाचे कागद सोपे जातात, शिक्षिकेला पत्रं. म्हणून मी म्हणते नवीन विषय निवडताना जुन्या आयुष्याला लागून असलेला निवडा. तुम्ही वीस वर्षं टेस्टिंग केलं असेल तर तुम्हाला कुठलीही गोष्ट कुठे मोडेल हे शोधायची सवय आहे, ती करार वाचताना कामी येईल. कोरी पाटी करून सुरुवात करायचा हट्ट नको, चाळिशीत पाटी कोरी नसते हेच तुमचं भांडवल.

खंड पडतोच. मुलांच्या परीक्षा, गणपती, लग्नसराई, घरातलं आजारपण, ऑफिसचं रिलीज. अ‍ॅपमध्ये ते सलग दिवस मोजायचं प्रकरण असतं ना, मला ते मोठ्या माणसांसाठी घातक वाटतं. नव्वद दिवस झाले आणि एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो आणि त्या रागात माणूस अ‍ॅपच काढून टाकतो. खंड पडणार हे धरून चालायचं आणि परत येण्याची सोय आधीच करून ठेवायची. आमच्याकडे नियम आहे, उठताना समासात पेन्सिलने लिहायचं की कुठे अडलो आणि काय असेल असं वाटतं, उदाहरणार्थ 'चौथी ओळ, दुसरा शब्द, गावाचं नाव असावं'. महिन्याने परत आलात तरी ती पेन्सिल तुम्हाला हाताला धरून जागेवर नेते. आणि परत आल्यावर पहिल्या दिवशी नवा कागद घ्यायचा नाही, आधी वाचून झालेलाच घ्यायचा. तो वाचता येतो, जरा अडखळत पण येतो, आणि 'सगळं विसरले' ही भीती तिथेच अर्धी जाते.

मग माणसं. एकट्याने शिकणारे नसतात असं नाही पण फार थोडे. आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, सकाळी कुणीतरी तीन ओळींचा फोटो टाकतं, संध्याकाळी ७ पर्यंत कुणी उत्तर टाकायचं नाही, ७ नंतर सगळे आपापलं वाचन टाकतात आणि भांडतात. गुड मॉर्निंग टाकलं की ग्रुपमधून काढतात, हे खरंच करतो. चुकीचं वाचन टाकणाऱ्याला कुणी हसत नाही कारण उद्या आपलीच पाळी असते. मोठ्या माणसाला चुकताना दिसणं फार जड जातं, ऑफिसात जी व्यक्ती मॅनेजर आहे तिला बावीस वर्षांच्या पोरासमोर 'मला हे अक्षर कळत नाही' म्हणायचं असतं. जिथे हे म्हणता येतं अशी चार माणसं शोधा, चारच पुरतात. रिडेव्हलपमेंटची फाईल असेल तर सोसायटीतल्याच दोन-तीन जणांना घ्या, रविवारी संध्याकाळी गच्चीवर एक-एक कलम वाचा. कुणाला तरी सांगायचंय म्हटल्यावर वाचणं आपोआप नीट होतं.

सर्टिफिकेटबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, ते वाईट नाही, काहींना परीक्षेची तारीख असल्याशिवाय हातच चालत नाही, अशांनी जरूर घ्यावं. पदवी अर्धी राहिली असेल आणि ती सल असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून नोकरी-घर सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच चाललंय. टेक्निकल विषय हवा असेल तर एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स फुकट ऐकता येतात, सर्टिफिकेट हवं असेल तरच फी भरून सेंटरवर जाऊन परीक्षा द्यायची. गाणं-वाद्य शिकणाऱ्यांसाठी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत, प्रारंभिकला चाळिशीतली माणसं दुसरीतल्या मुलांशेजारी बसतात आणि मजेत बसतात. मराठीत एखाद्या विषयाचा पाया हवा असेल तर मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, भाषा जरा जड आहे पण मोबाईलवर तास घालवायचाच असेल तर त्यात घालवा. आणि गावातलं, वॉर्डातलं सार्वजनिक वाचनालय, ज्याची वर्गणी आपल्या एका पिझ्झापेक्षा कमी असते. मोडीच शिकायची असेल तर पुराभिलेख संचालनालय वर्ग घेतं, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे.

एका वेळी किती? एक. दुसरं हवंच असेल तर ते हाताचं असू दे, डोक्याचं नको, म्हणजे बागकाम, विणकाम, पोहणं, तबला. दोन डोक्याची कामं एकमेकांचा वेळ खातात आणि दोन्ही फेब्रुवारीत मरतात. आणि ते एक किती दिवस धरायचं तर कागद वाचून होईपर्यंत. फाईल समजली, रिपोर्ट समजला, आकडा कुठून येतो ते सापडलं, की थांबायचं, महिनाभर काहीच शिकायचं नाही असंही चालतं. बहुतेक वेळा त्या एका कागदातून दुसरा निघतोच, गहाणखत वाचून झालं की बाईंना विचारावंसं वाटतं की मग ती जमीन सोडवली कधी, आणि त्या परत येतात, त्यांना बोलवावं लागत नाही.

जाता जाता एक, विषयाला सोडून आहे पण सांगायलाच हवं. तुमच्या गावच्या घरात खरंच जुने मोडी कागद निघाले तर कृपा करून ते लॅमिनेट करू नका आणि फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका, टेपचा डिंक कागद पिवळा करून खातो आणि लॅमिनेशन नंतर काढता येत नाही. घड्या हलक्या हाताने उघडा, उघडत नसतील तर जबरदस्ती नको, दिवसाच्या उजेडात फ्लॅशशिवाय वरून सरळ फोटो काढा, मागच्या बाजूचाही काढा कारण बऱ्याचदा पत्ता नाहीतर शेरा तिथेच असतो, आणि मग कागद कोरड्या जागी सुती कापडात गुंडाळून ठेवून द्या.